एक फोन, चार वर्ग आणि इंग्रजी

इंग्रजी शिकवायला इंटरनेटवरचं काय वापरावं, याबद्दल या महिन्यात बरीच पत्रं आली. बहुतेक मराठवाड्यातली आहेत आणि बहुतेक शिक्षकांची. सगळी घेण्याइतकी जागा नाही, त्यातली पाच घेते. पाटोद्याच्या पत्राला जास्त जागा देते आहे, कारण त्यातली अडचण आपल्याकडच्या कितीतरी शाळांची आहे.

प्रश्न : बाई, माझी शाळा डोंगरातल्या वस्तीवर आहे. पहिली ते चौथी, आम्ही दोघं शिक्षक. सर बैठकीला गेले की चारही वर्ग माझ्याकडं. शाळेचा टीव्ही बंद पडलाय, माझा स्वतःचा फोन तेवढा आहे. शाळेत रेंज नाही, मारुतीच्या पारावर गेलं की येते. दिवाळीनंतर अर्धी लेकरं आईबापासोबत ऊसतोडीला जातात. आमच्या व्हॉट्सॲप गटावर इंग्रजीसाठी रोज नवनव्या लिंका यायलेत. त्यातलं नेमकं काय वापरू?
*– शिक्षिका, पाटोदा तालुका, जि. बीड*

उत्तर : ताई, त्या लिंका आधी बाजूला ठेवा. साधन कोणतं हे नंतर बघू. तुमच्या लेकरांना उणीव कशाची आहे ते आधी ठरवू. माझ्या मते ती आवाजाची आहे. २००० सालापासून आपल्या राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी ते पाचवीत सुरू व्हायचं. पुस्तक पहिलीत आलं, पण इंग्रजी कानावर पडायची सोय काही वस्तीवर आली नाही. घरात इंग्रजी नाही, किराणा दुकानात नाही, एसटीच्या पाटीवरसुद्धा नाही. तासाला तुम्ही जे बोलता तेवढंच इंग्रजी त्या लेकराच्या वाट्याला येतं. म्हणून इंटरनेटवरून पहिल्यांदा ऐकायचं इंग्रजी घ्या. रंगीत खेळ, गुण देणाऱ्या चाचण्या, अक्षरं नाचवणारे व्हिडिओ नसले तरी काही अडत नाही.

फोनचा पडदा वर्गापुढं धरू नका, असंही मी सांगेन. पुढच्या चौघांना दिसतं आणि मागची ढकलाढकली करतात. आवाज मात्र सगळ्यांना सारखा पोचतो. ध्वजवंदनाला लावता तो स्पीकर ब्लूटूथचा असेल तर कपाटातून काढा आणि रोज वापरा.

आता काय ऐकवायचं? मुलांची पुस्तकं काढणाऱ्या ‘प्रथम बुक्स’ या संस्थेनं २०१५ साली ‘स्टोरीवीव्हर’ नावाचं गोष्टींचं भांडार सुरू केलं. गोष्टी मोफत आहेत आणि परवाना खुला आहे. उतरवून घ्या, झेरॉक्स काढा, भाषांतर करा, फक्त लेखक-चित्रकारांची आणि प्रकाशकाची नावं तशीच ठेवा. गोष्टींच्या चार पातळ्या आहेत. पहिल्या पातळीच्या गोष्टीत पानावर एखाददुसरं वाक्य आणि मोठं चित्र असतं. तुमच्या दृष्टीनं सगळ्यात मोलाची बाब अशी, की पुष्कळ गोष्टी मराठीतही आहेत आणि इंग्रजीतही, आणि चित्रं तीच आहेत. काही गोष्टी वाचून दाखवणाऱ्या व्हिडिओच्या रूपातही आहेत, त्यात जो शब्द वाचला जातो तो उजळतो. रविवारी बाजारच्या गावी गेलात की महिनाभराच्या चार गोष्टी उतरवून ठेवा आणि त्यांच्या पानांची झेरॉक्स काढून आणा. मग शाळेत रेंज असो वा नसो.

एक गोष्ट पूर्ण आठवडा चालवा. सोमवारी परिपाठाला ती मराठीत वाचा, निवांत, गप्पा मारत. मंगळवारी तीच चित्रं दाखवत इंग्रजीत वाचा आणि मधे एकही मराठी शब्द घालू नका. गोष्ट माहीत असते, चित्र समोर असतं, त्यामुळं अर्थ सांगायची गरज पडत नाही. बुधवारी स्पीकरवर ऐकवा. लेकरांच्या कानावर आता दुसरा आवाज पडतो, तुमच्यापेक्षा थोडा वेगळा, आणि तरीही कळतो. हे कळणं फार मोठं आहे. मी शिकवत असताना चौथीची लेकरं माझं इंग्रजी समजायची, पण तपासणीला आलेल्या साहेबांनी तेच वाक्य विचारलं की गप्प व्हायची, कारण त्यांच्या कानाला एकाच माणसाची सवय झालेली असायची.

गुरुवार-शुक्रवारी चार वर्गांचा प्रश्न त्याच गोष्टीतून सुटतो. पहिलीवाल्यांनी ऐकून कृती करायची किंवा चित्रावर बोट ठेवायचं. दुसरीवाल्यांनी गोष्टीत पुन्हा पुन्हा येणारं वाक्य सगळ्यांनी मिळून म्हणायचं. तिसरीवाल्यांनी जोडीनं वाचायचं. चौथीवाल्यांनी त्या वाक्यातला एक शब्द बदलून आपलं पान करायचं. गोष्टीत मांजर झाडावर चढली असेल तर यांची शेळी गंजीवर चढेल. शनिवारी चौथीनं ते पान पहिलीला वाचून दाखवायचं. एवढ्यात तुम्ही चार तास वेगळे घेतले नाहीत आणि बसून कोणी राहिलं नाही.

सरकारचं ‘दीक्षा’ ॲप तुमच्याकडं असेलच. ते २०१७ साली आलं. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड त्यावर स्कॅन केला की त्या पाठाचं साहित्य उघडतं, आणि ते उतरवून नंतर नेटशिवाय वापरता येतं. पाठातल्या कविता आणि संवाद यांच्यासाठी ते घ्या. बाकी त्यात फार वेळ घालवू नका.

गूगलचं ‘रीड अलाँग’ हे ॲप २०१९ साली ‘बोलो’ या नावानं आपल्याच देशात पहिल्यांदा आलं. लेकरू मोठ्यानं वाचतं, फोन ऐकतो आणि अडलेल्या शब्दाला मदत करतो. गोष्टी उतरवल्या की नेट लागत नाही. याचा उपयोग एकेकट्या लेकरासाठी. खिचडीच्या सुट्टीत तिसरी-चौथीतल्या एकाला दहा मिनिटं द्या, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला. वर्गात सगळ्यांदेखत वाचायला लाजणारी पोरं फोनपुढं वाचतात. लेकरू बरोबर वाचत असताना फोन अडला तर तिथं तुम्ही ठामपणे ‘बरोबर आहे’ म्हणा. वर्गात तुमचा शब्द शेवटचा.

आणि ऊसतोडीची लेकरं. कोयता घरातून निघाला की इंग्रजी आधी सुटतं, कारण मराठी बोलणं फडातही चालू असतं. गाड्या निघायच्या आधी, उतरवलेल्या गोष्टींपैकी पाच-सहा निवडून त्यांचे कागद झेरॉक्स करा, शिवून पुस्तिका करा आणि शिक्षण हमी कार्डासोबत दप्तरात घाला. त्याच गोष्टी तुमच्या आवाजात फोनवर ध्वनिमुद्रित करा आणि वडिलांच्या किंवा आईच्या फोनमध्ये ब्लूटूथनं टाका. तिथं नेट पॅक संपला तरी ते ऐकता येईल. आवाज तुमचाच असू द्या. परक्या कारखान्याच्या आवारात, रात्री खोपीत, बाईंचा आवाज ऐकून लेकरू पुस्तक उघडेल. इंग्लंड-अमेरिकेचा आवाज त्यावेळी तेवढं करणार नाही. जी मागं हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहतात, त्यांना आठवडी गोष्ट तशीच चालू ठेवा. पट्टा पडून, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपून, बाकीची परत आली की ती त्याच गोष्टींवर पुन्हा एकत्र येतील, आणि मागं राहिलेल्यांनी परत आलेल्यांना त्या वाचून दाखवायच्या.

एक छोटी सावधगिरी. मुळाक्षरांची अमेरिकन गाणी लावू नका. शेवटचं अक्षर तिथं ‘झी’ येतं, तुम्ही ‘झेड’ शिकवता, आणि पहिलीतलं लेकरू उगाच गोंधळतं.

प्रश्न : मुलगी इंग्रजी शाळेत दुसरीला आहे. माझं शिक्षण दहावी, तेही मराठीतून. यांची सळ्यांच्या कारखान्यात नोकरी आहे. मागच्या आठवड्यात एका कंपनीचा माणूस घरी आला होता. टॅब आणि तीन वर्षांचा इंग्रजीचा कोर्स, हप्त्यानं. ‘तुम्हाला येत नाही, मग मुलीला कोण शिकवणार?’ असं म्हणाला. यांचं म्हणणं, घेऊन टाकू. मला ठरवता येईना.
*– एक आई, जालना*

उत्तर : घेऊ नका. त्या माणसानं जे वाक्य वापरलं त्याचा मला राग आला. आईला तिच्याच घरात कमी ठरवून माल विकणं हे चांगलं लक्षण नाही. सात वर्षांच्या मुलीला तीन वर्षांचा कोर्स आज विकत घेऊन ठेवायची गरज नाही, कारण तिला सहा महिन्यांनी काय लागेल हे आज कुणालाच सांगता येत नाही. त्यात हप्ता एकदा सुरू झाला की मुलगी टॅब उघडो न उघडो, पैसे जात राहतात.

तुमच्या फोनवर फुकट जे आहे ते दुसरीच्या मुलीला पुरून उरतं. ब्रिटिश कौन्सिलची ‘लर्न इंग्लिश किड्स’ ही साइट बघा. छोटी गाणी, गोष्टी आणि बऱ्याच ठिकाणी सोबत छापता येणारा कागद, उत्तरांसकट. वरच्या उत्तरातलं स्टोरीवीव्हर तुम्हालाही लागू आहे. मुलीची शाळा राज्य मंडळाची असेल तर तिची पुस्तकं ई-बालभारतीवर मोफत मिळतात. यूट्यूबवर मात्र तिला एकटं सोडू नका. एक गोष्ट संपली की पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होतो आणि दहाव्या मिनिटाला इंग्रजी कुठल्या कुठं राहतं. जे दाखवायचं ते आधी उतरवून ठेवा आणि नेट बंद करून दाखवा.

आता तुमचं काम. ते इंग्रजी येण्यावर अवलंबून नाही. मुलीनं रोज एक गोष्ट इंग्रजीत ऐकायची किंवा वाचायची आणि तुम्हाला मराठीत सांगायची. तुम्ही चित्र बघत प्रश्न विचारायचे : हा का रुसला, ती कुठं निघाली, पुढं काय झालं? सांगता आली तर तिला कळली, अडली तर तिथं परत वाचेल. माझे वडील निजामाच्या राजवटीत उर्दूतून शिकले. आजीला उर्दूचं एक अक्षर येत नव्हतं. तरी रोज संध्याकाळी चुलीपुढं ती त्यांच्याकडून शाळेतला धडा मराठीत ऐकायची, आणि वडील म्हातारपणीसुद्धा सांगायचे की धडा पक्का व्हायचा तो तिथंच. मराठवाड्यातल्या घरांनी परक्या भाषेतली शाळा पूर्वीही सांभाळली आहे. तुम्ही तिच्याशी मराठीत भरपूर बोला. मोडकं इंग्रजी बोलायचं दडपण घेऊ नका. ज्या मुलीला मराठीत लांब गोष्ट सांगता येते, तिला इंग्रजीत सांगायलाही काहीतरी असतं.

यांना हे उत्तर वाचून दाखवा. हप्त्याच्या पैशातून दर महिन्याला एखादं छापील पुस्तक आणलं तर मुलीकडं वर्षभरात स्वतःचं कपाट होईल.

प्रश्न : मी नांदेडला इंग्लिश स्पीकिंगचे क्लास घेतो. व्याकरण पक्कं आहे, पण माझे उच्चार मराठी वळणाचे आहेत. आता मुलं फोनवर ऐकून माझीच चूक काढायलेत. उच्चार सुधारायला इंटरनेटवर काय आहे?
*– एक शिक्षक, नांदेड*

उत्तर : मुलं फोनवर ऐकतात आणि तुलना करतात, याचं तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. त्यांचा कान तयार होतो आहे. तुमचं वळण मराठी असणार, आणि ते तसं राहिलं तरी काही बिघडत नाही. ऐकणाऱ्याला कळण्यात जिथं अडथळा येतो, तेवढंच दुरुस्त करायचं. आपल्याकडं तो मुख्यतः दोन-तीन ठिकाणी येतो. पहिला म्हणजे आघात. मराठीत शब्दातल्या कुठल्या अवयवावर, म्हणजे सिलॅबलवर, जोर द्यायचा यानं सहसा अर्थ बदलत नाही, म्हणून आपण सगळे अवयव सारख्या जोरानं म्हणतो. इंग्रजीत एक अवयव उचलला जातो आणि बाकीचे दबतात. ‘होटेल’मध्ये जोर दुसऱ्या अवयवावर आहे, आपण पहिल्यावर देतो. दुसरा म्हणजे आपला एकच ‘व’. ‘वाइन’ आणि ‘व्हाइन’ या इंग्रजीत दोन वेगळ्या वस्तू आहेत, एकीत ओठांचा चंबू होतो, दुसरीत वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. तिसरा म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ, ‘शिप’ आणि ‘शीप’. आपण लिहिताना चुकत नाही, बोलताना चुकतो.

शंका आली की केंब्रिजचा ऑनलाइन शब्दकोश उघडा. प्रत्येक शब्दाला ब्रिटिश आणि अमेरिकन असे दोन उच्चार ऐकता येतात, आणि आघाताची खूण दिलेली असते. कुठलाही एक धरा आणि तोच शिकवा. ब्रिटिश कौन्सिलच्या ‘टीचिंग इंग्लिश’ या साइटवर ध्वनींचा तक्ता आहे, चिन्हावर बोट ठेवलं की ध्वनी ऐकू येतो. ब्रिटिश इंग्रजीचे ४४ ध्वनी त्यात आहेत.

रोजच्या सरावाला बीबीसीचं ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ घ्या. सहा मिनिटांचा संवाद आणि त्याचा लिखित मजकूर, दोन्ही मोफत. आधी मजकुराशिवाय ऐका. मग मजकूर समोर ठेवून अर्धा मिनिट ऐका आणि लगेच बोलणाऱ्याच्या मागोमाग, त्याच्याच चालीत म्हणा. मग स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करून दोन्ही लागोपाठ ऐका. पहिल्या आठवड्यात कंटाळा येईल, पण हा सराव सोडू नका. आमच्या वेळी औरंगाबादला, आताच्या संभाजीनगरला, राज्य इंग्रजी संस्थेत शिक्षकांच्या प्रशिक्षणात कॅसेटवर हेच करून घ्यायचे, आणि परत आल्यावर कॅसेट नसल्यामुळं सगळं थांबायचं. मी कॉलेजात असताना अंबाजोगाईला रात्री रेडिओवर व्हॉइस ऑफ अमेरिकाचं ‘स्पेशल इंग्लिश’ ऐकायचे. १९५९ साली सुरू झालेला तो कार्यक्रम साधारण दीड हजार शब्दांत आणि संथ गतीनं बातम्या सांगायचा. खरखरीत वाक्य हरवलं तर ते कायमचं गेलं. तुम्हाला तेच वाक्य हवं तितक्यांदा परत ऐकता येतं. याचं मोल मला माहीत आहे, म्हणून इतकं सांगते आहे.

मुलांनी चूक काढली तर तिथंच सगळ्यांसमोर शब्दकोश उघडा आणि मिळून ऐका. तुमच्या क्लासमधला तो सगळ्यात चांगला पाच मिनिटांचा धडा होईल.

प्रश्न : बारावीला आहे. इंग्रजी निबंध आणि पत्र तपासून द्यायला घरी कुणी नाही. काही मार्ग आहे का?
*– विद्यार्थिनी, वसमत, जि. हिंगोली*

उत्तर : आहे. केंब्रिजचं ‘राइट अँड इम्प्रूव्ह’. मोफत आहे. तू लिहिलेलं त्यात टाकलंस की काही सेकंदांत कुठल्या वाक्यात गडबड आहे ते खूण करून दाखवतं आणि तुझी पातळी सांगतं. नेमकं उत्तर ते बहुतेक वेळा हातात देत नाही, तुला शोधून पुन्हा लिहावं लागतं, आणि मला ते त्याच कारणासाठी आवडतं. आधी वहीत पेनानं लिही, मग टाइप कर, कारण परीक्षा पेनानंच द्यायची आहे. पत्राचा साचा मात्र मंडळाच्या कृतिपत्रिकेत असतो तोच ठेव.

प्रश्न : आमच्या हायस्कुलातले तरुण सर एआयला विचारून इंग्रजीचे उतारे आणि प्रश्न एका मिनिटात तयार करतात. मला ते पटत नाही, पण त्यांचं काम होतं हेही दिसतं. तुमचं मत?
*– ज्येष्ठ शिक्षक, उदगीर*

उत्तर : सर, शिक्षकानं तयारीसाठी वापरायला माझी हरकत नाही. आपल्याला कायम एक अडचण होती. पाठ्यपुस्तकातला उतारा मुलांना पाठ झालेला, आणि बाहेरचा घ्यावा तर त्यातले शब्द झेपत नाहीत. आता सांगता येतं, की आठवीच्या मुलांसाठी शंभर शब्दांचा उतारा दे, साधा भूतकाळ वापर, हे दहा शब्द त्यात आण, आणि प्रसंग उदगीरच्या बाजारातला असू दे. असा नेमका उतारा पूर्वी आपण रात्री बसून लिहायचो. मोघम मागितलं तर मात्र बर्फातल्या नाताळाचा उतारा येतो, आणि त्यातलं आपल्या मुलांनी काहीच बघितलेलं नसतं.

त्या तरुण सरांना दोन गोष्टी जरूर सांगा. उत्तरसूची स्वतः सोडवून बघितल्याशिवाय छापायची नाही. एआय चुकीचं उत्तरही तितक्याच आत्मविश्वासानं देतं, आणि रिकाम्या जागा भरण्याच्या प्रश्नात कधी कधी दोन पर्याय बरोबर निघतात. दुसरं, मुलांचं लेखन त्याच्याकडून करून घ्यायचं नाही. आठवीतल्या मुलाला पाच वाक्यं लिहायला अर्धा तास लागत असेल तर तो लागू द्यावा. त्या अर्ध्या तासात तो शब्द आठवतो, खोडतो, शेजाऱ्याला विचारतो. ते वाचवलं तर शिकायला काही उरत नाही.

आणि मुलांची नावं, फोटो, गुण, आधार क्रमांक यांतलं काहीही त्यात टाकायचं नाही. एखाद्याच्या निबंधातल्या चुका समजून घ्यायच्या असतील तर नाव आणि गाव काढून फक्त मजकूर टाकावा. हा नियम शाळेच्या बैठकीत सगळ्यांसमोर ठरवून घ्या, म्हणजे तो तुम्हा दोघांतला वाद राहणार नाही.